एस्तूची मूठ

आमच्या घरात तांदूळ कधी थेट पातेल्यात गेला नाही. आई मापट्यानं तो सुपात घ्यायची, खडे निवडायची, आणि धुवायला टाकण्याआधी घरातल्या प्रत्येकानं त्यातली आपली एक मूठ काढून सिगडीशेजारच्या पिवळ्या डब्यात टाकायची. मूठ टाकताना स्वतःचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "देवा, हे एक तुझं. विसरू नको." डबा रविवारी चर्चला जायचा, आणि तिथून ज्या घरी त्या आठवड्यात नड असेल तिथे. आईच्या माहेरी, अचलपूरकडे, ख्रिस्ती बायका आजीपणजीपासून हे करत आल्या होत्या. आई लग्न होऊन भिलाईला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत तीन लुगडी आणि ही पद्धत एवढंच होतं, असं बाबा म्हणायचे. नियम एकच होता. दुसऱ्याची मूठ आपल्या हातानं काढायची नाही. बाबा ड्यूटीवर असले की त्यांची मूठ आई काढायची, पण त्याला बाबांनी पूर्वीच रीतसर परवानगी दिलेली होती, हे ती अगदी गंभीरपणे सांगायची.

चौघांच्या चार मुठी. बाबांचा हात फावड्यासारखा, त्यांची मूठ पडली की डब्यात आवाज व्हायचा. आईची बेताची. माझी मी मुद्दाम मोठी भरायची, देवाच्या नजरेत भरावी म्हणून. आणि एस्तू, माझी सहा वर्षांनी धाकटी बहीण, तिच्या मुठीत तांदूळ मावायचे किती आणि बोटांच्या फटीतून गळायचे किती, याचा हिशोब कोणीच केला नाही. तिचं पूर्ण नाव एस्तेर. माझं नाव शांती. बाबांनी आयुष्यात जाणूनबुजून कधी विनोद केला नाही, तरी माझं नाव ठेवताना त्यांच्याकडून तो घडला. मी जन्मतःच भांडखोर. अजूनही आहे, माझ्या नवऱ्याला विचारा.

आम्ही भिलाईतच खुर्सीपारला क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे एवढंसं आंगण, आंगणात पेरूचं झाड आणि तारेवर वाळत घातलेले कपडे, ज्यांवर संध्याकाळपर्यंत बाबा कामाला होते त्या स्टील प्लँटची तांबूस धूळ बसायची. आई कपडे झटकून आत आणायची आणि रोज तेच म्हणायची, "पांढरं घालाचं असंल तं सरगातच घाला." प्लँटच्या भोंग्यावर आमचं घर चालायचं. भोंगा झाला की बाबांचा डबा, भोंगा झाला की माझी शाळा. शेजारी रामटेके काकूंचं घर. ते भंडाऱ्याकडचे, बौद्ध. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि काकूंचा आवाज त्या फोटोच्याही पलीकडे जाणारा. काकू आमच्या डब्याला हसायच्या. "तुमच्या देवाले याददाश्त नाही का वं, रोज रोज सांगा लागते?" आईही हसायची. पण घरी करंज्या झाल्या की पहिली ताटली काकूंकडे, आणि त्यांच्याकडे पाटवडीचा रस्सा झाला की पहिली वाटी आमच्याकडे. एस्तूला मात्र या सगळ्यापेक्षा एकच गोष्ट आवडायची, भाताच्या पातेल्याच्या तळाची खरवड. ती करपलेली, कडक खरवड ती मीठ लावून दारात बसून खायची, आणि कोणी मागितली तर पातेलं पोटाशी धरायची.

एस्तूला सिकलिंग होतं. आमच्या भागात हा शब्द आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, रक्त तपासायला माणसं घरी येतात, गोळ्याही निघाल्या आहेत. तेव्हा आम्हाला तो नवा होता. डॉक्टरांनी बाबांना कागदावर काढून दाखवलं होतं, की साध्या माणसाच्या रक्तातले कण गोल असतात आणि हिचे विळ्यासारखे वाकतात, बारीक नळीत अडकतात, आणि मग हाडं दुखतात. आई आणि बाबा दोघांकडून अर्धं अर्धं आलेलं. म्हणजे दोघांनी मिळून दिलेलं, हे बाबांनी घरी येऊन एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी बोलले नाहीत. दुखणं थंडीत यायचं, तापात यायचं, काही कारण नसतानाही यायचं. ते आलं की एस्तू पहिल्यांदा गप्प व्हायची, मग पाय पोटाशी घ्यायची, आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघायचा तो मी लिहू शकत नाही. आम्ही काय करायचो? गरम पाण्याची पिशवी, पाणी पाज, पाय दाब, गोळी दे, पुन्हा पाणी पाज. चार माणसांच्या घरात तीन माणसं धडधाकट, आणि त्या तिघांच्या सहा हातांचा उपयोग शून्य.

तशा दिवशीसुद्धा आई मूठ चुकवायची नाही. सूप घेऊन एस्तूच्या अंथरुणाशी बसायची, तिचा हात हातात घेऊन तांदळात ठेवायची, आणि एस्तू कण्हता कण्हता पाचसात दाणे उचलायची. "एस्तेर. देवा, हे एक तुझं. विसरू नको." मला संताप यायचा. पोरगी तळमळते आहे आणि हिचं काय चाललं आहे! मी एकदा तसं बोलले, तर आई म्हणाली, "तिच्या दुखण्याच्या दिवशीच तं जास्त पाह्यजे ना वं."

आमचे पाळकसाहेब मऊ बोलणारे होते. एका रविवारी ते म्हणाले, देवाला गर्दी दिसतच नाही, त्याला एकेक माणूस दिसतो, आणि प्रत्येकावर त्याचं प्रेम अख्खं असतं, वाटून दिलेलं नसतं. बायकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. परत येताना मी बाबांच्या सायकलवर मागे बसले होते, एस्तू पुढे दांड्यावरच्या छोट्या सीटवर पेंगत होती. मी विचारलं, "बाबा, देवाले एकेक माणूस दिसते, तं मंग एस्तू कावून नाही दिसत?" बाबा पायडल मारत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. घरापाशी उतरल्यावर सायकल भिंतीला लावता लावता ते म्हणाले, "मले नाही मालूम, बाई. भट्टीसमोर उभा असतो तवा मलेही वाटते का विचारावं त्याले. मंग शिफ्ट सुटून जाते."

मी पंधरा वर्षांची आणि एस्तू नऊ वर्षांची असताना, नाताळाच्या थोडं आधी, आजी न्हाणीघरात पडून तिचं मांडीचं हाड मोडल्याची तार आली. आईला जावंच लागलं. बॅग भरताना तिनं मला शंभर सूचना केल्या: एस्तूला स्वेटर, कोमट पाणी, दर तासाला पाणी पाज, बाबांचा डबा, दुधवाला. दारातून निघताना शेवटची सूचना. "मूठ चुकवू नको." तिची स्वतःची मूठ काढायची परवानगी तिनं मला रीतसर दिली, बाबांनीही त्यांची दिली, आणि ती रिक्षात बसली.

दुसऱ्याच दिवशी थंडी वाढली. शाळेतून आले तर एस्तू स्वेटर घालून, शाल घेऊन, भिंतीला टेकून बसली होती. गप्प. मला कळलं. "कुठं दुखते?" "पैर में. दोनो." ती शाळेत हिंदी बोलायची आणि दुखण्यातही हिंदीच बोलायची, मराठी तिची बरी असतानाची भाषा होती. बाबा दुपारच्या बी शिफ्टला गेलेले. मी पाणी तापवलं, पिशवी भरली, गोळी दिली, पाय दाबायला बसले. तासाभरात तिचा आवाज सुरू झाला. काकू आल्या, त्यांनीही पाय दाबले, कपाळाला हात लावून पाहिलं. ताप नव्हता. "तुमचे बाबा येईपर्यंत पाहू," त्या म्हणाल्या, "पहिलेही असंच होऊन उतरलं होतं ना?" उतरलं होतं खरं. त्या मुलांना जेवायला घालायला घरी गेल्या आणि मी भात टाकायला उठले.

सूप घेतलं. तांदूळ निवडला. बाबांची मूठ काढली, आईची काढली, माझी काढली. मग सूप उचलून एस्तूकडे निघाले, आणि उंबऱ्यात थांबले. ती तोंडात शालीचा काठ धरून होती, ओरडू नये म्हणून. नऊ वर्षांचं पोर, मला त्रास नको म्हणून शाल चावत होतं. मी तिथून मागे फिरले. सिगडीशी उभी राहून मी देवाला म्हटलं, आणि मनात नाही, चांगलं तोंडानं म्हटलं: "तिची मूठ तुले भेटणार नाही. पहिले तिचे पाय थांबव. मंग पाहू."

आमच्या वस्तीत हडताळ नवी नव्हती. ठेक्याचे मजूर गेटवर बसायचे, काम बंद करायचे, आणि कधीकधी साहेबाला ऐकावं लागायचं. मी देवासमोर तेच केलं. माझ्याजवळ अडवण्यासारखं दुसरं होतं तरी काय? मूठभर तांदूळ. तोच अडवला.

बाबा आले. दोघांनी आळीपाळीनं तिच्याजवळ बसून काढलं. सकाळी तिला थोडं बरं वाटलं, आणि मला वाटलं, चला, देव पाघळला वाटतं. पण दुपारपासून पुन्हा तेच, आणि आता पाठीतही. बाबांनी सुट्टी टाकली आणि आईला तार केली. भात टाकताना मी पुन्हा तीनच मुठी काढल्या. एस्तूनं आतून विचारलं, "ताई, मेरी मूठ?"

"घेतली," मी म्हटलं.

"मेरे हाथ से नहीं?"

"तू झोपली होती."

ती झोपलेली नव्हती. तिलाही ते ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली. आज मी साठी ओलांडलेली बाई आहे, भिलाईतच, रिसालीतल्या स्वतःच्या घरात बसून हे लिहिते आहे. खोटं मी पुढे पुष्कळ बोलले, शाळेत शिक्षिका होते, इन्स्पेक्शनला तर सगळेच बोलतात. पण ते एक खोटं अजून गळ्याखाली उतरलेलं नाही.

तिसऱ्या दिवशीही मी तीनच मुठी काढल्या, आणि त्या दुपारी तिचे ओठ पांढरे पडले आणि श्वास भरभर चालू लागला. बाबा तिला उचलून बाहेर आले तेव्हा त्यांच्या पायात चप्पल नव्हती. रामटेके काकांनी स्कूटर काढली. बाबा मागे, मध्ये शालीत एस्तू. मी आणि काकू रिक्षानं मागून. दवाखान्यात डॉक्टर भले होते, नर्स भल्या होत्या, कोणी काही कमी केलं नाही. पण त्या दुखण्यावर तेव्हा त्यांच्याकडेही सलाइन, सुई, ऑक्सिजन आणि रक्त याखेरीज काही नव्हतं. रक्त भयंकर कमी झालं होतं. कोणाचं जुळतं पाहिलं, तर रामटेके काकांचं जुळलं. काका बाही दुमडून आत गेले, बाहेर आले, आणि काकूंनी आणलेला चहा पीत म्हणाले, "पोरगी आता अर्धी आमची झाली." काकू एकदम रडल्या. मी रडले नाही. मी बाकावर बसून फक्त एकच गोष्ट मोजत होते: तीन दिवस, तिच्या तीन मुठी. माझ्यामुळे. मी तिला देवाच्या हातातून काढून घेतलं आणि मग त्यानं हात आखडला. पंधरा वर्षांच्या डोक्यात हे इतकं स्वच्छ बसलं होतं, की त्यात शंकेला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्टेशनवरून थेट दवाखान्यात आली, हातात बॅग तशीच. एस्तूला पाहून आली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली. एस्तूचे डोळे मिटलेले होते, डॉक्टर म्हणत होते आजचा दिवस जाऊ द्या. मी आईला सगळं सांगून टाकलं. हडताळीचं, खोट्याचं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आईनं हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "तुह्या मुठीवर चालते का वं त्याचं प्रेम? तू तांदूळ नाही देल्ला म्हणून त्यानं माह्या पोरीचा हात सोडला? एवढा हलका असता तं मी कवाचाच सोडला असता त्याले."

"मंग तिले कावून होऊन राहिलं हे?"

"मले नाही समजत." आईचा आवाज फुटला. "तुले काय वाटते, मले समजते? तिचे पाय दाबता दाबता मी रोज भांडते त्याच्यासंगं. तो माह्यापेक्षा जास्त प्रेम करते म्हणतात तिच्यावर. करत असंल. मले दिसत नाही. मले फक्त तिचे पाय दिसतात."

"मंग मूठ कावून काढते?"

"घरात चार जणं आहेत म्हणून," आई म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. "तो विसरते असं नाही. पण समज, विसरला. तं त्याच्या कानावर कोणं घालावं? मायनंच ना." मग तिनं मला जवळ ओढलं आणि आम्ही दोघी त्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मोठ्यानं रडलो. पुढे मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, चांगलीही ऐकली. आईनं त्या दिवशी जे नाही समजत म्हणून सांगितलं, तेवढा आधार मला एकाही प्रवचनानं दिलेला नाही.

तो दिवस गेला. त्याच्या पुढचाही. तिसऱ्या दिवशी एस्तूनं पेज मागितली. आईनं मला घरी पाठवलं आणि म्हणाली, येताना पुडीत थोडा तांदूळ आण. मी आणला. एस्तूचा एक हात सलाइनसाठी लाकडी पट्टीला बांधलेला होता, दुसरा मोकळा. मी पुडी तिच्यासमोर उघडली आणि सांगितलं, की मी खोटं बोलले होते. तुझी मूठ तीन दिवस काढली नव्हती.

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे ताई. दुखणाईत पोरं गोष्टींमध्ये तशीच असतात, शहाणी आणि क्षमाशील. एस्तू भडकली. एवढ्याशा आवाजात, पण भडकली. "तूनं मले घरात धरलंच नाही! तीन दिवस देवाले वाटलं असंल का या घरी तीनच जण राहतात. मी नाहीच आहे!"

"मी त्याच्यावर चिडली होती, एस्तू."

"उसपे चिडली तं तुही मूठ नाही द्याची ना! माही कावून?"

सगळ्या हडताळीत मी माझी स्वतःची मूठ, तीही मोठी, रोज नेमानं टाकत होते, हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग तिनं मोकळा हात पुडीत घातला. मूठ मिटत नव्हती, दाणे चादरीवर सांडत होते. आई मदतीला पुढे झाली तर तिनं मानेनंच नको म्हटलं. "एस्तेर. देवा, हे एक तुझं. विसरू नको." एवढं करून ती दमली. उशीवर मान टाकली, आणि थोड्या वेळानं डोळे न उघडता मला म्हणाली, "बाकीच्या दोन तू टाक. मी बोलते ना, टाक. आगे भी मी नसली तं तू टाकत जाजो. लेकिन लहान घेजो, माह्याएवढी. तुही मूठ बहुत मोठी आहे."

परवानगी म्हणजे परवानगी. मी तिच्यासमोर दोन मुठी पुडीतून उचलून रुमालात टाकल्या, दोन्ही वेळा तिचं नाव घेऊन. आई चादरीवरचे दाणे एकेक करून वेचत राहिली.

नाताळापर्यंत ती घरी आली, आणि त्या वर्षी खरवडीवर तिचा जो हक्क होता तो काकूंच्या घरच्या पातेल्यापर्यंत वाढला. अर्धी त्यांची ना ती. पुढे आठ वर्षं ती आमच्यात होती. भांडली, हसली, दहावी झाली, दुखण्यात हिंदी बोलली. मग अशाच एका थंडीत आमचे सहा हात पुन्हा कमी पडले. त्याबद्दल मला लिहायचं नाही. मला देवाचं काही समजलं आहे असंही मला लिहायचं नाही. प्रार्थनेला बसते तेव्हा अजून भांडणानंच सुरुवात होते. प्रत्येकावर अख्खं प्रेम, वाटून दिलेलं नाही, हे मी मानते. पण काही दिवस ते मला दात ओठ खाऊनच मानावं लागतं.

आता आमच्या घरात आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला. मापट्याऐवजी वाटी आहे, पिवळ्या डब्याऐवजी प्लास्टिकचा. भात टाकताना नवरा येऊन आपली मूठ टाकतो, त्याला इतक्या वर्षांत सवय झाली आहे. मग माझी. मग तिसरी. माझी बोटं आता संधिवातानं नीट मिटत नाहीत, त्यामुळे लहान मूठ घेणं मला सोपं जातं. तळहातावर थोडेसे दाणे, काही फटीतून गळतात, ते मी वेचून घेते. नाव मोठ्यानं घेते, शेजारी ऐकू जाईल इतकं. देवाला ऐकू जातं की नाही, ते त्याचं तो जाणे. पण एस्तूला वगळून मी पुन्हा कधी भात शिजवलेला नाही.